शेवटचा आकडा एकशे सतरा

आमच्या कंपनीकडे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत दोनशे छप्पन्न आणि गिऱ्हाइकांची घरं दोन हजारांच्या वर. पनवेल, कळंबोली, रोडपाली, उलव्याच्या बाजूला गव्हाण आणि आसपासची दोन-चार गावं. या दोन आकड्यांमधली ओढाताण सांभाळणं हे माझं काम. त्याआधी मी एका शाळेच्या कार्यालयात होते. तिथे वर्ग कमी आणि मुलं जास्त असायची, त्यामुळे इथे मला फार नवं वाटलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंटरनेटला जे काही जोडलं जातं त्याला पत्ता लागतो. जुना पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. असे जगात मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास पत्ते होतात. ज्यांनी ही पद्धत ठरवली त्यांना ते भरपूर वाटले असणार. आज एकेका घरात चार फोन, दोन टीव्ही आणि दारावर कॅमेरा असतो. पत्ते संपले. नव्या पद्धतीचे पत्ते निघाले आहेत, लांबलचक आणि कधी संपणार नाहीत इतके. पण सगळं जग अजून त्यांच्यावर गेलेलं नाही. तोवर आमच्यासारख्या लहान कंपन्या काटकसर करतात. पन्नास घरांत मिळून एक जुना पत्ता. बाहेरच्यांना ती पन्नास घरं एकच दिसतात. आत कोणी काय मागवलं आणि आलेलं उत्तर कोणाच्या घरी द्यायचं, हे आमचं यंत्र लक्षात ठेवतं, मोठ्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पार्सलं लक्षात ठेवतो तसं.

बहुतेकांना हे कळतही नाही. कधीतरी पन्नासातला एखादा काही वेडंवाकडं करतो आणि उरलेल्या एकोणपन्नासांना वेबसाइट विचारायला लागते, तुम्ही माणूसच आहात ना? मग फोन मला येतात. "मॅडम, सकाळपासून मी ट्रॅफिक सिग्नल ओळखतोय," एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले होते. "नोकरीत इतक्या परीक्षा दिल्या नव्हत्या."

काही जणांना मात्र वाटून घेतलेला पत्ता चालत नाही, स्वतःचा एकट्याचा लागतो. आमच्या दोनशे छप्पन्नांतले काही आमच्याच यंत्रांना जातात, चाळीसएक वाटून वापरायला, आणि बाकीचे अशा स्वतंत्र मागणाऱ्यांना. ते सगळे दिलेले होते. वहीत अकरा जणांची प्रतीक्षायादी होती.

रोडपालीच्या बाई मंगळवारी सकाळी आल्या त्या वेळची ही स्थिती.

"मला स्वतंत्र पत्ता हवाय," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या आत."

मी वही त्यांच्याकडे फिरवली. "तुम्ही बाराव्या."

त्यांनी सगळी यादी वरपासून वाचली. लोक सहसा वाचत नाहीत, भांडायला लागतात. "पहिले कधीपासून थांबलेत?"

"सात महिने."

त्या उठल्या नाहीत. त्या बेलापूरला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला होत्या. डॉक्टर एक्स-रे बघून जे बोलतात ते ऐकून त्याचा रिपोर्ट टाइप करायचा. नवऱ्याच्या पाठीच्या कण्याला मार लागलेला, तो वर्षभर पलंगावर. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आतापर्यंत दिवसभर नणंद बघत होती. ती रविवारी साताऱ्याला आपल्या घरी परत निघणार होती, आणि तिलाही संसार आहे, तिला किती अडवायचं? हॉस्पिटलने घरून काम करायला हो म्हटलं होतं, पण पेशंटची माहिती असल्यामुळे त्यांचं यंत्र फक्त आधी नोंदवलेल्या पत्त्यालाच आत घेतं. पन्नास घरांचा एक पत्ता त्यांना चालत नव्हता, कारण मग पन्नास घरांना दार उघडं. नवे लांब पत्ते त्यांच्या यंत्राला ओळखता येत नव्हते. जुना, स्वतंत्र, सोमवारी सकाळी. नाहीतर त्यांची जागा दुसऱ्या कोणाला.

"दुसऱ्या कंपनीकडे विचारलंत?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचीच वायर आहे."

मी त्यांचं नाव बाराव्या ओळीवर लिहिलं आणि शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलं. काय कळवणार ते मला माहीत नव्हतं.

आमचं नेटवर्क बघणारे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी ऐकलं आणि माझ्या वहीकडे बोट केलं. "आमच्या वेळी फोनसाठी नंबर लावला की बारशाला लावलेल्या नंबराची घंटी मुंजीला वाजायची. पण डॉक्टरला आधी मिळायचा. यादी होती, आंधळी नव्हती."

"माझी आंधळी आहे?"

"तुमच्या यादीत तारीख आहे, मॅडम. कशासाठी ते कुठे आहे?"

ते खरं होतं. शाळेतली सवय; जो आधी आला तो आधी, म्हणजे कोणी बोट दाखवू शकत नाही. त्या दुपारी मी अकराच्या अकरा जणांना फोन केला आणि नवा रकाना आखला. पाच जणांना नुसता घरचा कॅमेरा मोबाइलवर बघायचा होता. मोबाइल कंपन्या केव्हाच नव्या पत्त्यांवर गेल्यात, त्यामुळे त्यांना नवा पत्ता पुरत होता, आणि तो हवा तितका होता. दोघं घर सोडून गेलेले. एकाला मित्राकडे आहे म्हणून हवा होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. उरलेल्या तिघांचं काम खरं होतं. त्यांतल्या एका सीए बाईंनी "आधी त्यांना द्या" म्हणून लगेच सांगितलं, दोघांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. सात महिने मी हे फोन केले नव्हते याचं मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून पत्ता मिळत नाही.

आता बाई पहिल्या होत्या आणि द्यायला काही नव्हतं.

बुधवारी साहेबांनी दिलेल्या पत्त्यांवरची आठवड्याची रहदारी काढली. एकोणीस पत्ते जवळजवळ झोपलेले. मी ते माझ्या रजिस्टरशी ताडून पाहिले आणि नावं बघून हसू आलं. सगळे मालकांचे नातेवाईक. कंपनी सुरू झाली तेव्हा मालकांनी पत्ते घरच्यांना वाटले होते, गाडीला आवडीचा नंबर घ्यावा तसे. या भागात ज्यांच्या जमिनी आणि मिठागरं शहराखाली गेली, त्यांच्या दारातल्या सगळ्या गाड्यांना एकच नंबर असतो. तसाच शेवटचा आकडा इंटरनेटलाही. नऊ, अकरा, नव्याण्णव. मी रुजू झाले तेव्हा हे सगळं रजिस्टरमध्ये उतरवताना 'कारण' या रकान्यात सरळ 'हौस' असं लिहीत गेले होते.

सगळ्यात कमी वापर मालकांच्या मामांचा. गव्हाण, शेवटचा आकडा एकशे सतरा. रोज सकाळी दोन मिनिटं. बाकी काही नाही.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले.

"नाय मॅडम," ते म्हणाले. "मामाला दिलेला परत मागायचा? मामाला?"

"ते वापरत नाहीत."

"आवो, मामाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. आपला पहिला मशीन त्याच्याच पडवीत बसला. आनि मी जाऊन बोलू, मामा, नंबर काढ?"

"मग बाकीच्या अठरांतला कोणाचा तरी मागू?"

"ते बोलतील, आधी मोठ्याकडनं आना. मामाने दिला तर कोन काय बोलनार नाय." त्यांनी कपाळ चोळलं. "तुमी जावा. पन मी पाठवलाय असं बोलू नका."

"काय सांगू मग?"

"सांगा, मॅडम सोताच आगाऊ हाय. आमी सगले असंच बोलतो."

गुरुवारी साहेब आणि मी गव्हाणला गेलो. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पांढरा सदरा, पायात काही नाही. दुमजली बंगला, आवारात चार गाड्या. चहा आल्याशिवाय त्यांनी कामाचं बोलू दिलं नाही. मी तयारी करून गेले होते. स्वतंत्र पत्ता असला की तो सगळ्या जगाला दिसतो आणि कोण कुठले लोक यंत्रं लावून त्याची कडी हलवून बघतात. साहेबांनी आदल्या दिवशीचे असे प्रयत्न मोजून आणले होते.

"काल दिवसभरात चारशे वेळा कोणीतरी तुमचं दार वाजवलं, मामा."

"कुत्रा भुकला नाय."

"कुत्र्याला ऐकू येणार नाही असं वाजवतात."

"मग वाजवू दे. दारात आला त्याला आमी चहा देतो." ते साहेबांकडे बघून हसले. "या बायला भाच्याने पाठवलाय ना?"

"नाही. मी आगाऊ आहे."

"ते दिसतंय."

मग मी भीती दाखवायचं सोडलं आणि सरळ रोडपालीच्या बाईंचं सांगितलं. नवरा, कूस बदलणं, रविवारी निघणारी नणंद, सोमवार. मामा ऐकत राहिले.

"एकटी उचलते त्याला?"

"खाली चादर घालून वळवतात."

त्यांनी आवारातल्या गाड्यांकडे हात केला. मग म्हणाले, "बाय, माझ्या दारात चार गाड्या हायत. त्याला दवाखान्यात न्यायला एक ने बोललीस, आता काढून देतो. डायवर पन देतो. ह्यो नंबर नको मागूस."

मी गाड्यांकडे बघितलं. चारही नंबर वेगवेगळे होते. एकशे सतरा कुठेच नव्हतं.

"मामा, हा आकडा कशाचा?"

त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आमच्यासमोर एकेका बोटाने पत्ता दाबला, पहिल्या आकड्यापासून. शेवटी एक, एक, सात. पडद्यावर त्यांच्याच बंगल्याचं फाटक आलं.

"माझ्या मिठागराचा नंबर. बापाच्या हाताखाली मी त्यात मीठ ओढलाय. आता तिथे रस्ता झाला, वर विमानांचा आवाज. कागद गेले, जागा पन कुठली ते नीट सांगता येत नाय. रोज सकाळी उठलो की येवडा नंबर टाकतो आनि माजा फाटक दिसतो. झाला. वीस रकाने भरून सही मागनाऱ्यांनी सगला नेला, ह्यो एक भाच्याने दिलाय."

माझ्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं. मी 'हौस' वर रेघ मारली आणि 'मिठागर' लिहिलं.

"काय खोडलास?"

"चुकीचं लिहिलं होतं मी."

उठायला हवं होतं. दुसऱ्या नातेवाइकांकडे जाऊन बघायला एक दिवस होता. पण माझं एक आहे, जागा सोडण्याआधी मी तिथलं सगळं मोजते. "कॅमेरे किती आहेत तुमचे?"

"सा. फाटक, मागचा दार, विहीर, गोठा, दोन बाजूंना."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांच्याही डोक्यात तेच आलं असावं.

"मामा," साहेब म्हणाले, "जुन्या पद्धतीत सहा कॅमेऱ्यांना मिळून एकच पत्ता. नव्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा देता येतो. आणि त्याचा शेवटचा तुकडा आपण ठरवायचा."

"म्हंजे?"

"म्हणजे फाटकाला एकशे सतरा. तसाच. तो तुमच्याकडून कोणी मागायला येणार नाही, कारण ते संपतच नाहीत."

मामांनी विचार केला. "आनि विहिरीला?"

"जो म्हणाल तो."

"एकशे अठरा बसंल? ते माझ्या भावाचा होता. बाजूलाच."

"बसेल."

"सोळा आमच्या आत्याचा. तिला मूल नवता, ती एकटी करायची." ते खुर्चीतून उठले. "पन थांब. मग लायनीत लावायला पायजे. फाटक मधी, मग सोळा डावीकडे, अठरा उजवीकडे. उगाच कुठे पन टाकू नको. भरतीचा पानी ज्या बाजूनी यायचा ती ही बाजू."

"नवा पत्ता फार लांब असतो," मी म्हटलं. लपवून ठेवणं बरं नव्हतं. "तुम्हाला रोज बोटाने टाकता येणार नाही. फोनमध्ये जपून ठेवावा लागेल, पडद्यावर आकडा दिसेल, त्यावर दाबायचं."

हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी हातातला फोन खिशात ठेवला, परत काढला. "टाकायचा नाय?"

"नाही."

"दोन मिन्टं जायची माजी त्यात." ते फाटकाकडे बघत होते. "चालंल. सा दिसतील ना. एकाच्या बदल्यात सा."

साहेबांनी तिथेच वहीच्या पाठकोऱ्या पानावर मामांनी सांगितली तशी रांग काढली. दोनदा खोडावी लागली, कारण एकशे पंधरा कोणाचं यावर मामांना घरात जाऊन बायकोला विचारावं लागलं आणि आतून मोठ्याने उत्तर आलं, "तुमाला काय आठवतंय कं नाय? पंधरा माज्या बापाचा!" म्हणजे लग्न शेजारच्या मिठागरात ठरलेलं. मामा लाजले.

शनिवारी काम झालं. कॅमेऱ्यांचं यंत्र नवीन होतं, त्याने नवे पत्ते न कुरकुरता घेतले. मामांच्या फोनवर सहा चौकोन, वर सहा आकडे, भरतीच्या बाजूपासून क्रमाने. त्यांनी एकेक दाबून बघितलं. बायको मागे उभी राहून पंधरा नंबरच्या गोठ्यातली म्हैस बघत होती. मग साहेबांनी जुना पत्ता त्यांच्या घरावरून काढला. मी वेळ लिहिली, सकाळचे अकरा दहा.

"त्या बायला सांग," मामा निघताना म्हणाले, "ह्या आगराचा मीठ कदी काला नाय पडला."

मी तसंच्या तसं सांगितलं. रोडपालीच्या बाईंना अर्थ लागला नाही, मग मी सगळं सांगितलं. त्यांनी दुपारी हॉस्पिटलला नवा आकडा कळवला आणि मला पोच पाठवली. नोंदवला असं त्यांचं उत्तरही दाखवलं. मला अशी माणसं आवडतात.

रविवारी मालकांचा फोन. मला वाटलं रागावले. "मॅडम, काय करून ठेवलाय? चुलतभाऊ इचारतोय, मामाला सा नंबर दिले, आमी काय पाप केलाय? आनखी तिघांचे फोन आलेत."

"मग?"

"मग काय? त्यांना पन पायजेत सा-सा."

"जुना परत केला की नवे देऊ."

"तुमी खरंच आगाऊ हाय," ते म्हणाले, पण हसत होते. मी चौघांची नावं लिहून घेतली. थांबलेल्या तिघांचंही जमणार होतं, आणि एक शिल्लक राहणार होता. माझ्या रजिस्टरमध्ये शिल्लक ही गोष्ट पहिल्यांदाच येत होती.

सोमवारी मी अर्धा तास आधी ऑफिसला आले. नऊला त्यांचं काम सुरू होणार. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन, "लागत नाहीये." आवाज अगदी सरळ होता, म्हणून मला जास्त धास्ती वाटली. साहेबांनी आमच्याकडून तपासलं. पत्ता ठीक, बाहेर जातोय, हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोहोचतोय आणि तिथे परत फिरतोय. मी बाईंना म्हटलं, "तुमच्या ऑफिसातल्या माणसाला एकदा आकडा मोठ्याने वाचायला सांगा. त्याने लिहिलाय तो, तुम्ही पाठवलाय तो नाही." शाळेत दाखल्यांवरच्या निम्म्या चुका मी अशाच पकडल्या आहेत. त्यांनी तीन जणांचा फोन जोडला. तिकडचा माणूस वाचत गेला आणि शेवटी म्हणाला, "एक, सात, एक."

"एक, एक, सात," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"हो हो, सॉरी, करतो."

नऊ वाजून पस्तीस. मग चाळीस. मी दुसरं काम काढून बसले आणि त्यातली एक ओळ तीनदा वाचली. दहाला पाच कमी असताना पुन्हा फोन वाजला.

"आत गेले," बाई म्हणाल्या. "पहिला रिपोर्ट आलाय. गुडघा आहे."

"नणंद गेल्या?"

"काल संध्याकाळच्या गाडीने. रडत गेली, मीही रडले. पण जायलाच हवं होतं तिला." मग त्यांनी विचारलं, "हा पत्ता आता माझ्याकडेच राहणार ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तुमचं हॉस्पिटल नव्या पत्त्यांवर जाईपर्यंत राहील. एक ना एक दिवस जाईल. मग हा मी परत मागेन, तोवर नाही."

"मागा की. फक्त महिनाभर आधी सांगा."

"लिहून ठेवते."

"आणि त्यांना सांगा, मीठवाल्या मामांना..." असं म्हणता म्हणता आतून पुरुषाचा आवाज आला, खोल आणि किंचित चेष्टेचा, "अहो टायपिस्ट, दहा वाजले." त्या म्हणाल्या, "आले," आणि फोन तसाच टेबलावर ठेवून गेल्या. मी ठेवायला हवा होता, ठेवला नाही. पलंग करकरला, चादर ओढल्याचा आवाज आला, ते दोघं एकदम "हं" म्हणाले. मग खुर्ची सरकली आणि टाइप करण्याचा आवाज सुरू झाला, भराभर. फोन अजून चालू आहे हे त्या विसरल्या होत्या.